मोजणी आणि अंकओळख: बालवाडीच्या फाटकापाशी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जूनमध्ये बालवाडी भरली की पहिल्या पंधरा दिवसांत हेच प्रश्न विचारले जातात. गेल्या अठरा वर्षांत प्रश्न फारसे बदलले नाहीत. उत्तरं मात्र मी मुलांकडूनच थोडी थोडी शिकत गेले. तीन ते सहा वयाच्या मुलांच्या आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी ती इथे एकत्र लिहिते आहे.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे, पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते. म्हणजे तिला मोजता येतं ना?

म्हणता येतं. मोजता येतं का, ते घरीच दोन मिनिटांत बघा. वाटीत पंधरा-वीस चिंचोके घ्या, तिच्यासमोर हात पसरा आणि म्हणा, "मला चार दे बरं."

मागे एकदा अशीच एक चुणचुणीत मुलगी माझ्याकडे आली होती. पन्नासपर्यंत कुठेही अडखळायची नाही. आईला फार कौतुक होतं आणि ते असायलाच हवं. मी चार चिंचोके मागितले, तर तिनं मूठ भरून माझ्या हातावर ठेवली. म्हटलं, "मोज बरं." एकेकावर बोट ठेवत तिनं नीट मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. "मग किती आहेत?" "चार," ती ठामपणे म्हणाली. मी चार मागितले होते, तिनं दिले होते, म्हणजे ते चारच!

तिला एक ते पन्नास येत होतं ते गाण्यासारखं. गाणं यायलाच हवं, कारण नावांचा क्रम पाठ असल्याशिवाय मोजता येत नाही. पण त्याशिवाय बरंच काही लागतं. एका वस्तूला एकच नाव द्यायचं, एकही वस्तू सोडायची नाही, एकही दोनदा धरायची नाही. शेवटी उच्चारलेलं नाव हे त्या शेवटच्या चिंचोक्याचं नाव नसून सगळ्या ढिगाचं उत्तर आहे, हे समजायला हवं. आणि डावीकडून मोजा की उजवीकडून, चिंचोके मोजा की टाळ्या, गणती बदलत नाही. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची ही तत्त्वं मांडली, आणि जगभरचं बालशिक्षण आजही त्यांचा आधार घेतं.

यातलं शेवटच्या नावाचं प्रकरण मुलांना सगळ्यात जड जातं. मोजून झाल्यावर "मग किती?" असं विचारा. ज्याला ते अजून उमगलेलं नाही, ते मूल उत्तर देण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. तेव्हा रागावू नका. तुम्ही स्वतः मोजून दाखवा आणि शेवटी सगळ्या ढिगाभोवती हात फिरवून म्हणा, "एक, दोन, तीन, चार. चार चिंचोके." हा फिरवलेला हात फार कामाचा आहे.

मग 'किती' हे मुलाला नेमकं कधी कळतं?

हळूहळू, आणि मग एकदम. आधी मुलाला फक्त 'एक' कळतो. एक मागितला तर एक देतं, दोन किंवा पाच मागितले तर मूठभर देतं. काही महिन्यांनी 'दोन' कळतो, आणखी काही महिन्यांनी 'तीन'. मग कधीतरी, बहुतेक मुलांचं साडेतीन-चारच्या आसपास, कुलूप उघडल्यासारखं होतं आणि पाच, सहा, आठ, येतील तेवढे मोजून देता येतात. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास 'इतके दे' असं मुलांना सांगून हा प्रवास दाखवून दिला. आमच्या चिंचोक्यांच्या वाटीतही तो दरवर्षी तसाच दिसतो.

म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा आपलं मूल आत्ता कितव्या पायरीवर आहे ते ओळखा आणि फक्त पुढची पायरी खेळवा. 'दोन' पक्का झालेल्या मुलाला वीसपर्यंत मोजायला लावून त्याच्या हाती काही लागत नाही. त्याला तीनच्या गमती हव्या असतात: तीन पोळ्या, तीन चाकांची रिक्षा, "आपण तिघं".

'तिघं' म्हटलं की आठवलं: माणसं मोजताना आपण दोघं, तिघं, चौघं, पाचजण म्हणतो, ते मुलांशी बोलताना मुद्दाम वापरा. "आज जेवायला चौघं, ताटं किती?" एवढ्या एका प्रश्नात निम्मं गणित आहे.

शिकवायला कोणतं साहित्य विकत घ्यावं?

काहीच नाही घेतलं तरी चालेल. महागड्या माँटेसरी साधनांना आपल्या मातीतले पर्याय शोधण्याचं काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डी आणि कोसबाडला केव्हाच करून ठेवलं आहे. १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू झालं. खडे, शिंपले, बिया, पानं, काड्या ही तिथली साधनं, आणि मुलांच्या अंगणातच भरणारी अंगणवाडी हीसुद्धा त्यांचीच देणगी.

घरात तर खजिनाच आहे. कुकरच्या शिट्ट्या घ्या. "तीन शिट्ट्या झाल्या की मला सांग, गॅस बंद करायचाय." शिट्टीला बोट लावता येत नाही, ती होऊन जाते आणि पुढची येईपर्यंत आकडा डोक्यात धरून ठेवावा लागतो. चिंचोके मोजण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि मुलांना त्यात भलती जबाबदारी वाटते. जिन्याच्या पायऱ्या, दोरीवरचे चिमटे, शेंगेतले मटारचे दाणे. घटस्थापनेला रोज एक माळ वाढते, तेव्हा "आज कितवी माळ?" हे नऊ दिवस विचारा. गणपतीला २१ मोदक होतात, ते ताटात दहा, दहा आणि एक असे मुलाकडून मांडून घ्या. दशकाची पहिली ओळख मोदकांनी झाली तर मूल ती जन्मात विसरणार नाही.

जपायचं एकच. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात मणी, चिंचोके, शेंगदाणे एकट्यानं देऊ नका. नाकात आणि घशात जातात. लाल-काळ्या गुंजा तर घरात मोजणीसाठी आणूच नका, त्या विषारी असतात.

मोजताना वस्तू सुटतात किंवा एकच दोनदा मोजली जाते. काय करावं?

तोंड पळतं आणि बोट मागे राहतं, म्हणून असं होतं. वस्तू उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगा. 'एक' म्हणायचं आणि टाकायचं. वाटीत टपकन आवाज झाला की तोंड आपोआप थांबतं. ते जमलं की ओळीत मांडून बोटानं सरकवत मोजायचं, आणि विखुरलेल्या वस्तू जागेवरच मोजणं सगळ्यात शेवटी. चित्रातल्या वस्तू मोजणं याच शेवटच्या प्रकारात येतं, कारण त्या सरकत नाहीत. रंगीत पुस्तकातली बदकं मोजायला घाई करू नका.

बोटांवर मोजू द्यावं का? मोठेपणी सवय लागेल ना?

खुशाल मोजू द्या. बोटं कायम सोबत असतात, पाच-पाचच्या दोन गटांत असतात आणि वर केलेली बोटं पुसली जात नाहीत. आकडे डोक्यात पक्के झाले की बोटं आपोआप खाली येतात. पहिलीत बोटं लपवून टेबलाखाली मोजणारी मुलं मी पाहिली आहेत, मोठ्यांच्या धाकानं. ती चुकतही जास्त होती.

एक घरगुती गोंधळ मात्र लक्षात ठेवा. आपल्या आजी-आजोबांना पेरांवर मोजायची सवय असते. अंगठा एकेका पेरावर फिरतो, एका बोटात तीन. नातू बोटं मोजतो, आजी पेरं. "एकादशीला किती दिवस राहिले?" या हिशेबात आजीचं एक बोट संपतं तेव्हा तीन झालेले असतात, नातवाचा एकच. दोघांचंही बरोबर असतं. आजीला सांगा, पेरं आणखी दोन-तीन वर्षांनी शिकवा. तेव्हा तीनच्या पाढ्याला ती छान उपयोगी पडतील. तसंच धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची पद्धत असलेल्या घरांतली मुलं "लाभ, दोन, तीन" असं मोजतात. त्यांना चूक म्हणू नका. लाभ म्हणजेच एक, आणि तो का म्हणतात हे सांगितलं की मुलं खूश होतात.

अंक ओळखायला कधी आणि कोणत्या क्रमानं शिकवावे?

ज्या संख्येचा ढीग मुलाला करून दाखवता येतो, त्या संख्येचा अंक दाखवा. तीन चिंचोके देता येऊ लागले की '३' चं कार्ड त्या ढिगाशेजारी ठेवायचं. उलट्या क्रमानं गेलं की अंक नुसतं चित्र होऊन बसतो.

सगळे नऊ एका आठवड्यात नकोत. दोन-तीन घ्या, तेही एकमेकांसारखे न दिसणारे. २ आणि ३ मध्ये एका वळणाचाच फरक आहे, तर ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसतात. म्हणून '३' पक्का होईपर्यंत '६' मुलासमोर आणू नका. मी १, ४, ५ अशी सुरुवात करते, कारण हे तिघं एकमेकांशी जराही मिळत नाहीत. म्हणताना क्रम एक-दोन-तीन असाच ठेवायचा, ओळखताना मात्र तो पाळायची सक्ती नाही.

फासा हा माझा सगळ्यात आवडता शिक्षक आहे. तीनपर्यंतच्या वस्तू मुलं न मोजता एका नजरेत ओळखतात, आणि फाशावरचे पाच-सहा ठिपके रोज पाहून तेही नजरेत बसतात. पण सापशिडी साडेपाच-सहाच्या आधी नको. तिच्यात एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते, तर पुढची उलटी फिरते. त्यापेक्षा अंगणात खडूनं दहा घरांची सरळ पट्टी आखा आणि मुलालाच सोंगटी करा. खेळताना एक चूक हमखास होते: आपण उभे आहोत तेच घर मुलं 'एक' धरतात. "उडी मारल्यावर एक" असं म्हणा, दोन दिवसांत सुधारतं.

मराठी अंक आधी की इंग्रजी?

घरची भाषा मराठी असेल तर मोजणी मराठीत आधी पक्की करा. 'किती' एकदा कळलं की ते दुसऱ्या भाषेत नव्यानं शिकावं लागत नाही, फक्त नावं नवी लागतात. इंग्रजी किंवा सेमी इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे.

खरा घोटाळा होतो तो आकारांचा. इंग्रजी नऊ हुबेहूब आपल्या १ सारखा दिसतो, आणि इंग्रजी आठचं वरचं तोंड उघडलं की आपला ४ होतो. दोन्ही लिप्या एकाच दिवशी, एकाच पाटीवर शिकवल्या की मूल 'एक'ला 'नाइन' म्हणणारच. निदान दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवा आणि कार्डांचे रंग वेगळे ठेवा. आमच्याकडे मराठी कार्डं पिवळी आहेत, इंग्रजी निळी.

आकडे उलटे लिहितो. काही दोष आहे का?

सहा-सात वर्षांपर्यंत हे अगदी नेहमीचं आहे. कप डावीकडे फिरवला तरी कप राहतो, मग ३ फिरवला तर ३ का राहत नाही, हे मुलाला नव्यानंच शिकायचं असतं. खोडून काढू नका. शेजारी बरोबर काढून ठेवा.

लिहायला कधी बसवावं?

ओळखण्याच्या बऱ्याच नंतर. पाच वर्षांच्या आधी चौकटीच्या वहीत पानंच्या पानं भरायला लावणं मला मनापासून अयोग्य वाटतं. बोटांत तेवढी ताकद नसते, मग मूल पेन्सिल मुठीत आवळतं आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. आपल्याकडे पूर्वी धूळपाटी होती, तीच उत्तम. परातीत रवा किंवा बारीक वाळू पसरा आणि बोटानं गिरवू द्या. चुकलं की हलवलं, पुसलं. तोवर हातांना कणकेचे गोळे, शेंगा सोलणं, चिमटे लावणं अशी कामं द्या.

वीसनंतरचे आकडे मुलाला पाठच होत नाहीत. आमचं काही चुकतंय का?

नाही. मराठीतले एकवीस ते नव्व्याण्णव हे खरोखरच अवघड आहेत, आणि ते मान्य केल्यानं मराठीचा काही अपमान होत नाही. एकट्या सहाचं बघा: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. सहा दर दहा पावलांवर नवीन सोंग घेतो. मुलाला ही जवळजवळ स्वतंत्र नावंच पाठ करावी लागतात.

दुसरी अडचण क्रमाची. 'त्रेपन्न' ऐकताना आधी तीन ऐकू येतो, मग पन्नास. लिहिताना आधी ५, मग ३. एका मुलानं माझ्यासमोर त्रेपन्न म्हणत म्हणत ३ लिहिला, मग ५ लिहिला आणि पाटी वर केली: ३५. त्यानं ऐकलेलं इमानदारीनं लिहिलं होतं. कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, आधी वीस मग एक. तेलुगूतही तसंच. तिथल्या मुलांपुढे हा प्रश्नच येत नाही.

याच कारणानं २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली. तेव्हा किती गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेतही तो विषय गाजला. गणित विषय समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास होतो, हे शांतपणे समजावून सांगितलं. माझं मत विचाराल तर मी दोन्ही वापरते. त्रेपन्न हा शब्द मुलाला बाजारात, बसमध्ये, आजोबांच्या वयात भेटणारच आहे, तो यायलाच हवा. पण तिथं पोचायला 'पन्नास तीन' हा पूल फार चांगला आहे.

तो पूल असा बांधायचा. आधी फक्त दहा, वीस, तीस... शंभर पक्के करा. लपाछपीत राज्य असलेलं मूल "दहा, वीस, तीस, चाळीस" म्हणतंच, त्याचा फायदा घ्या. मग खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून मुलाकडूनच बांधून घ्या. पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवून म्हणा, "पन्नास आणि तीन, त्रेपन्न." दोन कार्डं करा, एक ५० चं आणि एक ३ चं. ३ चं कार्ड ५० च्या शून्यावर ठेवलं की ५३ दिसतो. मुलं ते कार्ड उचलून खालचा शून्य पुन्हा पुन्हा बघतात, आणि खालून पन्नास निघाला की दर वेळी हसतात.

'एकोण'चं कोडंही काड्यांनीच सुटतं. एकोण म्हणजे एक कमी. तीन गठ्ठे ठेवा, एकातली एक काडी काढून घ्या: तिसाला एक कमी, एकोणतीस. हे कळलं की एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ मुलं स्वतः बनवतात. नव्व्याण्णव मात्र या नियमात बसत नाही, तो वेगळा सांगावा लागतो. ८९ ला काही घरांत एकोणनव्वद म्हणतात, काही घरांत नव्याऐंशी. तुमच्याकडे जे चालतं तेच चालू द्या.

आणि हे सगळं पहिली-दुसरीचं काम आहे. बालवाडीतून बाहेर पडताना वीसपर्यंतच्या वस्तू नीट मोजता आल्या आणि दहापर्यंतचे अंक ओळखता आले तर मला समाधान असतं.

शून्य कसा शिकवायचा?

वाटी रिकामी करून. तीन शेंगदाणे ठेवा, एकेक खाऊ द्या, प्रत्येक वेळी "आता किती?" विचारा. शेवटी मूल म्हणतं, "संपले." मग सांगायचं, "यालाच शून्य म्हणतात." माँटेसरीच्या काड्यांच्या पेटीत शून्याचा कप्पा मुद्दाम रिकामा असतो आणि एक ते नऊच्या कप्प्यांसाठी बरोबर ४५ काड्या असतात. शेवटची काडी बसली की मुलाला स्वतःलाच कळतं की आपलं चुकलेलं नाही.

पाढे कधी सुरू करावेत?

बालवाडीत नकोत. चालीवर ऐकू आले तर येऊ द्या, विचारू नका.

मोबाइलवरची ॲपं चालतील का?

पडद्यावरचं सफरचंद उचलता येत नाही, वाटीत टाकता येत नाही, आजीला देता येत नाही. या वयात मला ती लागत नाहीत.

आम्ही परदेशात राहतो. मुलाला मराठी आकडे कसे यावेत?

एक जागा मराठीसाठी राखून ठेवा. जिना मराठीत, दात घासणं मराठीत, आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना पणत्या किंवा पोळ्या मोजणं मराठीत. वीसपर्यंत एवढं पुरतं. पुढच्या नावांसाठी वर सांगितलेला 'पन्नास आणि तीन, त्रेपन्न'चा पूल या मुलांना विशेष उपयोगी पडतो, कारण इंग्रजीतही तोच क्रम असतो.

काळजी कधी करावी?

पाच वर्षं पूर्ण होऊनही तीन वस्तू मागितल्यावर देता येत नसतील, रोज खेळूनही नावांचा क्रम दहापर्यंत टिकत नसेल, किंवा काल येत होतं ते आज पुसल्यासारखं होत असेल, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या. सर्दीनं कान भरलेलं मूल 'सात' आणि 'साठ' यांतला फरक ऐकूच शकत नाही, आणि आपण त्याला आळशी ठरवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. ही योजना २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाली. पथक येईल त्या दिवशी मूल हजर ठेवा आणि तुमची शंका डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. गणितातली अध्ययन अक्षमता एवढ्या लहान वयात सहसा ठरवत नाहीत, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला कुणी तसा शिक्का मारत असेल तर थांबा. तोवर रोज दहा मिनिटं चिंचोक्यांची वाटी घेऊन त्याच्यासोबत जमिनीवर बसा, आणि तीनपासून नाही, दोनपासून सुरू करा.